रेंतिगची रिकामी टाकी

माझा नवरा भित्रा आहे. मी आधीच सांगून टाकते, कारण गावात कुणालाही विचारलंत तरी तो हेच सांगेल आणि वर हसेल. रेंतिग विजेचं बटण बांबूच्या काडीने दाबतो. चूल विझली की तिच्यावर पाणी शिंपडतो, हात धरून बघतो, मग पुन्हा शिंपडतो. सकाळी ओल्या लाकडांशी झटापट करत धूर मी खायचा. लेकीने हौसेने गॅसची शेगडी पाठवली, ती त्याने डुकरांच्या गोठ्यापलीकडे नेऊन ठेवली. भाजी करायची तर पावसात छत्री धरून मी तिकडे जाते. डुकरं मला बघतात, मी डुकरांना बघते.

"केर्नी, असल्या माणसाबरोबर संसार केलास तरी कसा?" असं बायका विचारतात. मी म्हणते, भांडत केला, दुसरा कसा करणार?

पण त्याची भीती हवेतून आलेली नाही. लग्नाआधी तो शहरात मोटारसायकली दुरुस्त करायच्या दुकानात होता. त्याच्या जोडीला सुमर्ता नावाचा त्याच्याच वयाचा मुलगा. एकदा एका गाडीची टाकी गळत होती म्हणून आली. पेट्रोल काढलं, टाकी धुतली, उन्हात ठेवली, सगळ्यांनी आत डोकावून पाहिलं, नाक लावून पाहिलं. रिकामी. सुमर्ताने डाग द्यायला ज्योत पेटवली, रेंतिग टाकी धरून बसला. कथील कमी पडलं म्हणून तो मागच्या फळीवरून आणायला वळला, तेवढ्यात 'धप्प' झालं. मोठा आवाजसुद्धा नाही, तो सांगतो, फणस पडावा तसा. टाकीचा पत्रा केळीच्या पानासारखा उलगडून पडला होता. सुमर्ताकडे मी पाहिलंच नाही, असं तो म्हणतो. पाहिलं असणार. न पाहता माणूस इतकी वर्षं झोपेत ओरडत नाही. त्याच्या स्वतःच्या डाव्या कानाची पाळी तेवढी गेली. दुकान त्याने त्याच दिवशी सोडलं, गावी आला आणि झेंडू लावायला लागला.

"भरलेल्या टाकीला मी भीत नाही," तो मला एकदा म्हणाला होता. "भरलेल्या टाकीतलं पेट्रोल दिसतं. रिकामीत काय भरून राहिलंय ते दिसत नाही."

आता बघा, अशा माणसाच्याच गाडीची टाकी गंजावी!

गाडी आमच्या लग्नाइतकी जुनी. तिच्यावर झेंडूच्या टोपल्या लादून पहाटे बाजार गाठायचा, त्यावर आमचं घर चालतं. टाकीच्या बुडाला आधी चहाच्या रंगाचा ओघळ दिसला, मग सुईच्या अग्राएवढी भोकं. माझा धाकटा भाऊ विर्का याचं बाजाराजवळ दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने कपड्यांच्या साबणाची वडी घेतली, भोकांवर घासली आणि म्हणाला, "झालं, दाजी. पळवा."

पळवली. साबण पेट्रोल धरतो, खोटं नाही. पण मी मागे बसायचे, आणि झेंडूच्या वासातून तो दुसरा वास रोज थोडा थोडा वाढत होता. मी बोलले नाही. बोलले असते तर हा माणूस जागच्या जागी गाडी सोडून पळाला असता, आणि टोपल्या मलाच वाहाव्या लागल्या असत्या. एका पहाटे चढावर माझ्या पावलापाशी 'चर्र' झालं. तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडला होता. रेंतिगने इंजिन बंद केलं, मला दंडाला धरून खाली उतरवलं, रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं आणि स्वतः माझ्यासमोर उभा राहिला, गाडीकडे पाठ करून. त्याचे दात वाजत होते. माझेही वाजायला लागले. त्या दिवशी झेंडू आम्ही डोक्यावरून नेला.

विर्का म्हणाला, "इकडे आणा हो. तुमची कॉफी पिऊन होईतो गॅसवर झाळून देतो."

"तू नको," रेंतिग म्हणाला.

"का? मला येत नाही?"

"तू केर्नीचा भाऊ आहेस."

"मग काय तुमचा एखादा वैरी शोधून आणू झाळायला?" विर्का इतका हसला की दुकानातली पोरंही हसली. रेंतिग हसला नाही. टाकी काढून पोत्यात गुंडाळली आणि पायी घरी घेऊन आला. त्या जातीची गाडी आता निघत नाही, त्यामुळे नवी टाकी मिळायची सोय नव्हती. जुन्या बाजारात एक मिळाली, ती आमच्यापेक्षा जास्त सडकी.

आगीशिवाय काम करायची रीत त्याला ठाऊक होती. दोन रंगांची पुटी मिळते, ती कणकेसारखी मळून त्याने बाहेरून भोकं बुजवली. आतून लेप द्यायला दोन डब्यांतलं औषध आणलं. एकात दुसरं कालवायचं, टाकीत ओतायचं, टाकी चहूबाजूंनी फिरवत राहायची, म्हणजे आत सगळीकडे कातडीसारखा थर धरतो आणि गंज कायमचा कोंडला जातो. पण लेप बसायला आतला पत्रा आधी चकचकीत हवा, आणि कोरडा ठणठणीत.

मग ओढ्यातली बारीक खडी आली, बिलिंबीची आंबट फळं आली. फळं मी कुटली, रस त्याने गाळला. खडी आणि रस टाकीत भरून झाकण घट्ट लावलं. आता ही हलवायची कशी? हात तर दुखून गेले. तेव्हा त्याच्या आईने, आमच्या मेमेने, आपलं जुनं लुगडं आणलं, फणसाच्या फांदीला झोळी बांधली आणि म्हणाली, "घाल पोराला."

झोळीत टाकी घातली. मेमे खाली बसली, पायाने झोका द्यायला लागली. आत खडी सळसळायची, बाहेर मेमे गुणगुणायची. तीच अंगाई, जी तिने रेंतिगला म्हटली, आमच्या लेकीला म्हटली. म्हातारीला कमी ऐकू येतं, वास तर कित्येक वर्षांत येत नाही, पण पाय अजून दणकट. दोन दिवस तिने ती टाकी झुलवली. मधूनच झोळीत हात घालून टाकीवरून फिरवायची. मी म्हटलं, "मेमे, त्याला भूक लागली असेल हं." ती म्हणाली, "लागणारच. तुम्ही नुसतं आंबट पाजताय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आतलं पाणी स्वच्छ आलं. रेंतिगने आरसा धरून आत ऊन पाडलं. पत्रा चांदीसारखा चमकत होता. कितीतरी दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं.

पण ओला पत्रा असा उघडा राहिला की बघता बघता पुन्हा लाल होतो. विर्का बघायला आला होता, तो म्हणाला, "दाजी, आता काय करतात ते मी सांगायला नको. थोडं पेट्रोल घालायचं, खळखळायचं, ओतून द्यायचं. ते पाणी घेऊन उडून जातं. झाकण उघडं ठेवून रात्रभर टांगा, सकाळी कोरडी. उद्या सण झाला की परवा लेप द्या."

रेंतिगचा चेहरा उतरला. रीत बरोबर होती, सगळे कारागीर हेच करतात, त्यानेही पूर्वी केलं होतं. पण म्हणजे पुन्हा तेच. धुतलेली, उघडी, रिकामी टाकी.

"तू कर," तो विर्काला म्हणाला आणि स्वतः विहिरीच्या आड जाऊन उभा राहिला. विर्काने खळखळलं, ओतून दिलं, टाकी तोंड वर करून पुन्हा झोळीत ठेवली आणि मिशीत हसत निघून गेला.

वास अंगणभर पसरला. पुढची संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. रेंतिगने चुलीत पाणी ओतलं. घरातल्या काड्यापेट्या, लायटर, माझ्या बटव्यातला, त्याच्या खिशातला, सगळे गोळा करून पत्र्याच्या डब्यात घातले आणि डबा शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला. दिव्याचं बटण दाबू देईना. आम्ही अंधारू लागलेल्या ओसरीत बसून दुपारचा गार भात आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. शेजारी पाला जाळायला निघाले, तर हा उठून पळत गेला, हात जोडून परत आला. वारा आमच्याकडे वळला की तो घास हातातच ठेवून नाक वर करायचा. मग मीही नाक वर करायचे. भीती फार वाईट, हो. ती एकाच्या पोटात राहत नाही. मला तर फणसाच्या झाडाकडे बघवेना. झोळी वाऱ्याने हलली की वाटायचं आत कुणीतरी जागं आहे.

"सुमर्तानेही नाक लावून पाहिलं होतं," तो मध्येच म्हणाला.

"पुरे झालं, ब्ली," मी ओरडले. ब्ली म्हणजे दादा, आमच्यात नवऱ्यालाही हीच हाक. "जेव."

तो जेवला नाही. उठला, बादली घेतली, विहिरीवर गेला. मला वाटलं हात धुतोय. मग पाणी ओतल्याचा आवाज फणसाखालून आला.

"ब्ली, काय करतोस?"

"पाणी भरतोय."

"कशात?"

"माहीत आहे तुला कशात."

मी धावले. तो टाकीत पाणी ओतत होता. ती भरून वर वाहू लागली तरी ओतत होता, वरचा इंद्रधनुषी तवंग वाहून जाईपर्यंत. पाणी तोंडाला टेकलं तेव्हा कुठे थांबला.

मी कपाळावर हात मारला. "अरे माणसा, दोन दिवस घासली ती! म्हातारीच्या पायाला गोळे आले! सकाळपर्यंत सगळी पुन्हा गंजेल!"

"गंजेल."

"मग?"

"मग पुन्हा घासू."

"आणि झेंडू? उद्याच्या सणाचा बाजार तर बुडालाच, पुढचाही बुडवायचा? लाज नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. "पण ती तशी उघडी असताना तुम्ही दोघी या घरात झोपाल, हे मला बघवत नाही."

मी त्या रात्री त्याच्याशी बोलले नाही. तो मात्र लगेच झोपला, आणि झोपेत ओरडलासुद्धा नाही.

दुसरा दिवस तुंपेक लांदेपचा, आमच्याकडचा लोखंडाचा सण. कोयता, कुदळ, नारळाची खवणी, गाडी, जे जे लोखंडी ते ते त्या दिवशी धुवायचं आणि त्याच्यापुढे चानांग ठेवायचं, म्हणजे पानाची छोटी ताटली, तिच्यात फुलं, भात, वर पेटती उदबत्ती. सकाळी मी आणि रेंतिग देवळात गेलो. घरची फेरी मेमेची, ती कुणालाही हात लावू देत नाही.

आम्ही परतलो तर विर्का सणाचा फराळ घेऊन आलेला. गाडी अंगणात उभी, टाकीविना, मधोमध भोकसल्यासारखी, हँडलला झावळीची माळ आणि पुढे चानांग. ते ध्यान बघून माझं डोकंच फिरलं. मी विर्काला सगळं सांगितलं, रेंतिगच्या देखत, जोरात. विर्काने झोळीत हात घालून टाकीच्या ओल्या कडेवरून बोट फिरवलं, बोट लाल.

"दाजी! सणाची अंघोळ घातलीत वाटतं टाकीला?" तो पोट धरून हसला. "अहो, त्यात आता मासे सोडा!"

"सोड ना," मी म्हटलं. "निदान कालवण तरी होईल."

रेंतिग खाली मान घालून झोळीपाशी गेला. टाकी दोन्ही हातांनी उचलली, ओट्याच्या कडेला टेकवली आणि पालथी केली. गढूळ तांबडं पाणी भळभळ बाहेर आलं. पाण्याबरोबर झेंडूच्या पाकळ्या आल्या. मग भाताची शितं. मग टाकी जराशी गुरगुरली आणि तिच्या तोंडातून एक उदबत्ती बाहेर घसरली. टोकाला जळून काळी झालेली. तिच्यामागून दुसरी.

पाणी वाहून माझ्या पावलांना लागलं, तरी मला पाय हलवता येईनात.

विर्का खाली बसला, ती उदबत्ती उचलली, तिचं जळकं टोक बघत राहिला. काल आत पेट्रोल त्यानेच खळखळलं होतं.

"मेमे," रेंतिगने हाक मारली. तिला ऐकू गेली नाही. पुन्हा मारली. म्हातारी पाट घेऊन ओसरीत बसली होती, ती कानाला हात लावून पुढे आली. "मेमे, ही तू लावलीस?"

"मग काय शेजारीण लावणार?" मेमे म्हणाली. "सगळ्या लोखंडाला नैवेद्य, आणि दोन दिवस झुलवलेलं पोर तेवढं उपाशी? त्याचं तोंड तेच ना. तोंडात घास घातला, फुलं घातली."

"पेटवलीस कशाने?"

तिने कमरेच्या पट्ट्यातल्या पानाच्या चंचीत हात घातला आणि लायटर काढून दाखवला. मेमेकडे कुणी मागितलाच नव्हता. उदबत्तीला विस्तव म्हणतं का कुणी? चूल म्हणजे विस्तव, विडी म्हणजे विस्तव. उदबत्ती म्हणजे पूजा. रेंतिग स्वतः रोज सकाळी एक लावतो, आणि तिला तो कधी भ्यायला नाही.

"वारा मेला विझवत होता सारखा," मेमे सांगत होती. "म्हणून टाकीच्या तोंडाशी वाकले. तिथे आडोसा छान मिळाला. लायटर तिथेच धरला, पेटली. आत खोचायला गेले तर आत पाणी! चर्र करून विझली. दुसरी पेटवली, तीही आत पडली. रेंतिग, पाणी कुणी भरलं रे त्यात? सणासुदीला पोराच्या पोटात गार पाणी भरून ठेवतात का? अक्कल नाही कुणाला!"

रेंतिगने तिचा हात हातात घेतला, लायटरवाला हात, आणि तिची बोटं एकेक करून पाहिली. मग तिच्या भुवया पाहिल्या. पांढऱ्या, विरळ, जागच्या जागी. मग मटकन त्या तांबड्या पाण्यातच बसला आणि त्याला उलटी झाली. मेमे घाबरली, त्याच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाली, "बघतेस काय? याला काय खायला घातलंस देवळात?"

माझ्या डोळ्यांसमोर ती वाकलेली दिसत होती. तिचं तोंड टाकीच्या तोंडाशी. मी देवळात होते, हात जोडून, आणि मनातल्या मनात नवऱ्याच्या नावाने खडे फोडत होते.

विर्का उठला. बादली घेऊन विहिरीवर गेला, भरून आणली आणि टाकी सरळ करून तिच्यात पाणी ओतायला लागला. निम्मं बाहेर सांडत होतं. मी टाकी धरली.

"ताई, गंजेल गं," तो उगीचच पुटपुटला.

"गंजू दे मेलीला," मी म्हटलं. "भर. वरून वाहीपर्यंत भर."

टाकीला लेप आम्ही पुढे दिला, घरापासून लांब, कापणी झालेल्या भातखाचरात. खडी, रस, झोळी, सगळं पुन्हा केलं, फक्त झोका मी दिला. विर्का आला तो सिगरेटी घरी ठेवून, कुणी न सांगता. पत्रा सुकवायला या वेळी पेट्रोल नाही. टाकी उन्हात धरली आणि सायकलच्या पंपाने आत वारा मारत बसलो, हात मोडेपर्यंत. मग औषध ओतून आम्ही तिघांनी ती टाकी आळीपाळीने फिरवली, उताणी, पालथी, कुशीवर. आता थेंब गळत नाही. तरी संध्याकाळी गाडी लावली की रेंतिग टाकीखालून बोट फिरवतो आणि वास घेतो. तो आत गेला की मी फिरवते.

पुढच्या तुंपेक लांदेपला मेमे चानांग घेऊन गाडीपुढे उभी राहिली. रेंतिगने तिच्याकडून लायटर मागून घेतला, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उदबत्ती पेटवली, हाताच्या आडोशाने आणली आणि गाडीपासून लांब, जमिनीत खोचली. मेमे कुरकुरली, इतक्या लांबून देवाला दिसणार आहे का म्हणाली. उदबत्ती राख होईपर्यंत तो तिथे बादली भरून घेऊन उभा राहिला. येणारे-जाणारे बघून हसत होते. दुसरी बादली घेऊन मी त्याच्या शेजारी उभी होते.